विजयानंतरचे वीर

यहुदी लोकांच्या धर्मग्रंथांत वीरपुरुषांची उणीव नाहीं. परंतु त्यांच्या चरित्रांतून नेतृत्वाचे धडे काढणारांची दृष्टि बहुधा रणांगणापलीकडे जात नाहीं. गिदोनानें ३२,००० लोकांतून अवघे ३०० कसे निवडले आणि मडक्यांत मशाली लपवून मिद्यानी छावणी रात्रीं कशी उधळून दिली, एवढें सांगून हे बोधकार थांबतात. आमच्या मतें ‘शास्ते’ या ग्रंथाचें खरें मर्म तेथून पुढेंच आहे. विजय मिळाल्यावर पुढारी स्वकीयांशीं कसा वागला, ही त्या ग्रंथकाराची कसोटी दिसते.

त्या काळीं इस्राएलास राजा नव्हता. निरनिराळ्या वंशांत विभागलेल्या त्या लोकांवर शत्रूची धाड आली म्हणजे जो पुढारी उभा राही, तोच शास्ता. या वंशांत एफ्राईम बलाढ्य आणि मानी. मिद्यान्यांचा मोड होतांच एफ्राइमी लोक गिदोनाशीं भांडूं लागले कीं, लढाईस निघतांना आम्हांस कां बोलाविलें नाहीं? गिदोनानें आपला पराक्रम मुद्दाम लहान करून सांगितला. दोन मिद्यानी सरदार तर तुमच्याच हातीं सांपडले. त्यापुढें माझी कामगिरी ती काय, असें तो म्हणाला. तेवढ्यानें त्यांचा राग निवळला.

चार अध्यायांनंतर तोच एफ्राईम तीच तक्रार घेऊन इफ्ताहापुढें उभा राहतो. इफ्ताहानें अम्मोन्यांस नुकतेंच जिंकलेलें असतें. या वेळीं उत्तर शस्त्रानें दिलें जातें. यार्देन नदीचे उतार अडवून प्रत्येकास ‘शिब्बोलेथ’ हा शब्द उच्चारावयास लावितात; ज्याच्या तोंडून ‘सिब्बोलेथ’ निघेल, त्याचा तेथेंच वध होतो. मृतांचा आकडा ग्रंथकार ४२,००० सांगतो. टीकेचा एक शब्दही तो लिहीत नाहीं. दोन प्रसंग समोरासमोर ठेवून तो निवाडा वाचकावर सोंपवितो, आणि यांतच त्याचें कौशल्य आहे.

इफ्ताहास केवळ क्रूर ठरविणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. दासीपुत्राहूनही हीन लेखून ज्यास भावांनीं घराबाहेर काढलें, त्याच्याच पायांशीं गिलादचे वडीलधारे संकटकाळीं आले. युद्धापूर्वीं त्यानें अम्मोन्यांच्या राजाकडे वकील पाठवून मुलुखाच्या मालकीचा सविस्तर वाद केला होता. म्हणजे शब्दानें तंटा मिटविण्याची बुद्धि त्याच्यापाशीं होती. पुढें, घरांतून जें प्रथम सामोरें येईल तें अर्पण करण्याचा नवस त्यानें केला आणि एकुलती एक कन्या गमाविली. एफ्राइमी लोक त्यास घरासकट जाळण्याची धमकी देतात, ती या अनर्थानंतर! जें घर त्याच्याच शब्दानें उजाड झालें, तें जाळण्याची ही भाषा आहे. ग्रंथकारानें साधलेला हा क्रम आम्हांस फार अर्थपूर्ण वाटतो. इफ्ताहाचा क्रोध त्यानें समजतो; त्याचें समर्थन मात्र होत नाहीं. शत्रूसाठीं जो संयम त्यानें राखला, तो आप्तांसाठीं उरला नाहीं.

तर मग गिदोन आदर्श मानावा काय? ग्रंथकार तेंही करूं देत नाहीं. प्रबळ एफ्राईमाशीं गोड बोलणारा हाच पुरुष, थकलेल्या सैन्यास भाकरी नाकारल्याबद्दल सुक्कोथच्या वडिलांस कांट्यांनीं शासन करितो आणि पनुएलचा बुरूज पाडून तेथील पुरुष मारितो. बलवानापुढें दाखविलेली नम्रता दुर्बलापुढें टिकत नाहीं. राजपद तो नाकारतो. पण लुटींतील सोन्याचीं १,७०० शेकेल वजनाचीं कुंडलें मागून घेऊन त्यांचा एफोद करितो, आणि लोक त्याच्या भजनीं लागतात. बापानें नाकारलेल्या सत्तेसाठीं पुढें पुत्र अबीमलेख आपल्या भावांची कत्तल करितो.

या ग्रंथांत शास्त्यांच्या कथांशेवटीं देशास इतकीं वर्षें स्वस्थता लाभली, असा उल्लेख येतो: अथनिएलानंतर ४०, एहूदानंतर ८०, दबोरेनंतर ४० व गिदोनाच्या वेळीं ४० वर्षें. त्यानंतर हें वाक्य पुन्हां येत नाहीं. इफ्ताहाचीं केवळ सहा वर्षें मोजलीं आहेत. स्वस्थतेचें नांव नाहीं. शत्रू हटला, पण घर फुटलें. वीरांच्या गुणांची यादी करणारांनीं हा अबोल हिशेब अवश्य वाचावा. शत्रूस जिंकणारे त्या ग्रंथांत पुष्कळ आहेत. विजयाच्या दुसऱ्या दिवशीं स्वतःस आवरणारा मात्र क्वचितच भेटतो, आणि तोही पुरता नव्हे.