एका प्लेअरला दोन घड्याळं कशाला?

सीडीवर आवाज नसतो, आकडे असतात. डाव्या-उजव्या बाजूचे दर सेकंदाला प्रत्येकी ४४,१००. प्लेअरमधला क्वार्ट्झचा स्फटिक ठेका धरतो आणि त्या ठेक्यावर आकड्यांचा पुन्हा आवाज होतो. ठेका थरथरला, की त्याला जिटर म्हणतात. महागड्या प्लेअरच्या जोडीला वेगळं ‘मास्टर क्लॉक’ विकलं जातं ते याच थरथरीच्या नावाने. किंमत लाखांत, आणि वर्णन ठरलेलं: ‘पडदा दूर झाला’, ‘शांतता अधिक काळी झाली’.

माझी हरकत या भाषेवर आहे. ती ऐकणाऱ्याला सुचवते, की फरक कळला नाही तर दोष तुझ्या कानाचा.

आधी हिशेब करू. साध्या क्वार्ट्झची चूक दहा लाखांत पन्नास भाग धरली, तरी सुरात पडणारा फरक एका सेंटच्या दहाव्या भागाहून कमी. सप्तकात १२०० सेंट असतात आणि श्रुतींमधलं सगळ्यात लहान अंतर २२ सेंटच्या आसपास. रुबिडियमचं घड्याळ याहून कितीतरी अचूक, हे खरं. पण जिटर हा क्षणाक्षणाचा प्रश्न आहे. वर्षभराचा हिशेब बरोबर लागणं वेगळं आणि प्रत्येक ठोका सारख्या अंतराने पडणं वेगळं. चाकणच्या शॉपफ्लोअरवर क्वालिटीत काम करणाऱ्याला ॲक्युरसी आणि रिपीटॅबिलिटीतला फरक शिकवावा लागत नाही.

शिवाय बाहेरचा ठेका केबलमधून येतो आणि आतलं सर्किट त्याच्याशी जुळवून घेत नवा ठेका तयार करतं. चांगला स्फटिक चिपच्या शेजारीच बसवलेला असेल, तर या वळशाने तोटाही होऊ शकतो.

मग बाहेरचं घड्याळ लागतं कुठे? चाकणवरून नाशिक रस्त्याने नारायणगावकडे जा. जवळच खोडदला जीएमआरटी आहे: ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, कित्येक किलोमीटर पसरलेल्या. प्रत्येकीने आपापलं घड्याळ पाळलं, तर सगळ्यांची मिळून एक दुर्बीण होणार नाही. म्हणून एकच संदर्भ ऑप्टिकल फायबरने सगळ्यांपर्यंत पोचवतात. रेकॉर्डिंग स्टुडिओतही तेच. ट्रान्सपोर्ट आणि डॅक वेगळ्या डब्यांत असतील, तर घरातही समान घड्याळाला अर्थ आहे. पण सगळं एकाच डब्यात असेल, तर जुळवून घ्यायचं कुणाशी?

निगडीत एका मित्राकडे मी हे ऐकून पाहिलं. भीमसेन जोशींची सीडी, मी पाठ करून बसलेलो, तो घड्याळ कधी जोडायचा, कधी काढायचा. दहापैकी सहा वेळा मी बरोबर ओळखलं. नाणं उडवूनही सहा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता ३८ टक्के असते. घड्याळाचा दिवा समोर दिसत असताना मात्र दोघांनाही तानपुरा अधिक मोकळा वाटला. तो आनंद खोटा नव्हता. पण तो दिव्यातून येत होता, की ठेक्यातून, हे त्या खोलीत ठरलं नाही. आणि लाखो रुपये मोजायचे असतील तर ते ठरायला हवं.

त्यामुळे ईएमआयवर सही करण्याआधी पाठ करून दहा-वीसदा ऐका. त्याआधी फरशी आणि उघड्या भिंतींच्या हॉलमध्ये एक जाड सतरंजी अंथरा, जाड पडदे लावा. तो फरक ओळखायला नाणं उडवावं लागत नाही.