ऐतिहासिक कादंबऱ्यांतील प्रणय आणि दप्तरांतील मौन

(१)

इतिहासाच्या साधनांस वाहिलेल्या त्रैमासिकांत प्रणयकादंबऱ्यांची चर्चा कशास, असा प्रश्न कित्येक वाचकांच्या मनांत सहज येईल. त्यास पहिलें उत्तर पूर्वाचाराचें आहे. साधनांच्या प्रकाशनांत आयुष्य वेंचणारे इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांनीं १९०२ सालीं ‘कादंबरी’ या विषयावर स्वतंत्र निबंध लिहिला. तो विषय त्यांस आपल्या कार्याबाहेरचा वाटला नाहीं. दुसरें उत्तर अनुभवाचें आहे. जुनीं दप्तरें पाहावयास गेलें असतां तीं बाळगणारांच्या मनांत पूर्वकाळाचें जें चित्र असतें, तें बहुधा बखरींतून किंवा पत्रांतून आलेलें नसतें. तें कादंबरींतून आलेलें असतें. एका वाड्यांत रुमाल सोडीत असतां यजमानांनीं प्रस्तुत लेखकास मोठ्या उत्सुकतेनें विचारलें, “यांत माधवराव-रमाबाईंचें एखादें पत्र निघेल काय?” तसें पत्र निघालें नाहीं. निघाल्या त्या लग्नांतील देण्याघेण्याच्या याद्या, लुगड्यांचे व चोळखणांचे हिशेब आणि एका बाळंतिणीच्या औषधपाण्याचा खर्च. यजमानांचा हिरमोड झाला. “मग हे कागद रद्दींत घालावयास हरकत नाहीं ना?” असें त्यांनीं विचारलें. त्या प्रश्नावरून जे विचार सुचले ते पुढें मांडितों.

(२)

मराठींत ऐतिहासिक कादंबरीचा आरंभ रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या ‘मोचनगड’पासून, म्हणजे १८७१ पासून, धरण्याचा प्रघात आहे. गुंजीकरांनीं काळ शिवशाहीचा घेतला, पण प्रणय करणारीं माणसें कल्पित ठेविलीं. हा मार्ग सरळ आहे. कल्पित नायकानें कल्पित नायिकेवर कितीही प्रेम केलें, तरी त्यापासून कोणत्याही वंशावळीस धक्का लागत नाहीं आणि कोणत्याही सनदेचा अर्थ फिरत नाहीं.

हरि नारायण आपटे यांनीं ‘गड आला पण सिंह गेला’ या कादंबरींत दुसरा मार्ग धरिला. इ. स. १६७० च्या फेब्रुवारींतील सिंहगडाची स्वारी ही इतिहाससिद्ध घटना, तानाजी व उदेभान हे इतिहाससिद्ध पुरुष, आणि त्यांच्यामध्यें उदेभानाच्या तावडींत सांपडलेली कमलकुमारी ही रजपूत स्त्री. सभासदाच्या बखरींत तानाजी आहे, उदेभान आहे, दोघांचें द्वंद्वही आहे. कमलकुमारी मात्र नाहीं. कथेस तिचा उपयोग उघड आहे. किल्ला घेणें हें राजकारण झालें. अबलेची सुटका हें रमणीय कथानक झालें. आपट्यांच्या लेखणीचा प्रभाव असा, कीं २०२० सालीं तानाजीवर निघालेल्या हिंदी चित्रपटांतही उदेभानाच्या अभिलाषेस कारण झालेली एक कमला उभी आहे. कादंबरींतलें पात्र शंभर वर्षांत प्रेक्षकांच्या मनांत ऐतिहासिक होऊन बसतें, तें असें.

तथापि हा दोष आम्ही सौम्य समजतों. कमलकुमारीमुळें तानाजीचें शील बदलत नाहीं आणि लढाईची तिथिही चळत नाहीं. प्रश्न अवघड होतो तो खऱ्या पतिपत्नींच्या अंतःपुरांत लेखणी शिरते तेव्हां.

(३)

रणजित देसाई यांची ‘स्वामी’ १९६२ सालीं प्रसिद्ध झाली व १९६४ सालीं तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. थोरले माधवराव व रमाबाई यांचें दांपत्यप्रेम हा तिचा गाभा. हिचा पहिला गुण असा, कीं राजकीय इतिहासानें ज्या खुंट्या ठोकून ठेविल्या आहेत त्या देसाई उपटीत नाहींत. पानिपतानंतरची पडती बाजू, राघोबादादांशीं तंटा, राजयक्ष्मा आणि १८ नोव्हेंबर १७७२ रोजीं थेऊर येथें झालेला अंत, या खुंट्यांवरच त्यांनीं आपलें वस्त्र ताणिलें आहे. भाषा आर्जवी व घरंदाज आहे. पेशवाईविषयीं केवळ तिरस्कार किंवा केवळ अभिमान बाळगणाऱ्या वाचकांस तींतून एक रोगी, कर्तव्यदक्ष व एकाकी तरुण प्रथमच दिसला, हें श्रेय मान्य केलें पाहिजे.

आतां उणें. ‘स्वामी’तलें प्रेम अठराव्या शतकाचें वाटत नाहीं. एकांतांतील मोकळें संभाषण, परस्परांच्या मनाची हळुवार विचारपूस, रुसवा आणि समजूत हें सर्व विसाव्या शतकांतील सुशिक्षित मध्यमवर्गाच्या संसारांतून उचलून शनिवारवाड्यांत ठेविलें आहे. ज्या काळीं स्त्रीस लिहावयाच्या पत्राचा मायना ‘वज्रचुडेमंडित’ असा असे आणि पत्नीनें पतीचें नांव तोंडानें घेणें हा सणासमारंभाचा प्रसंग असे, त्या काळीं प्रेम नव्हतें असें कोण म्हणेल? परंतु तें बोलण्यांत फार थोडें येई. तें वागण्यांत शोधावें लागतें.

याहून गंभीर उणें शेवटाचें आहे. रमाबाई सती गेल्या, हें निर्विवाद. कादंबरींत तें सहगमन प्रेमाचा कळस म्हणून येतें, आणि वाचक डोळे पुसून पुस्तक मिटतो. पण त्याच घराण्यांत पाहा. बाजीराव १७४० सालीं वारले. काशीबाई १७५८ पर्यंत हयात होत्या. नानासाहेब १७६१ सालीं वारले; गोपिकाबाई पुढें सत्तावीस वर्षें वैधव्यांत जगल्या. म्हणजे पेशव्यांच्या घरीं सहगमन हा नियम नव्हता. मग ऐन तारुण्यांतील या निपुत्रिक स्त्रीनें चिता कां पत्करिली? प्रेमानें, व्रतानें, सासरच्या घरांतील पुढच्या दिवसांच्या भयानें, कीं या सर्वांनीं मिळून? हा इतिहासाचा खरा व दुःखद प्रश्न आहे. कादंबरीनें त्यास ‘प्रेम’ असें एका शब्दांत उत्तर दिलें आणि तो प्रश्न इतका गोड करून टाकिला, कीं कोणास विचारावासाच वाटेना. कल्पनेनें मौन भरून काढणें हा गुन्हा नव्हे. पण तेथें मौन होतें याची आठवण पुसून टाकणें ही हानि आहे.

(४)

ना. सं. इनामदार यांच्या ‘राऊ’ची (१९७२) गोष्ट निराळी. येथें कागद मुके नाहींत. सरदेसाई यांनीं संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या नवव्या खंडांत बाजीराव व त्याचें कुटुंब यांविषयींचे कागद आहेत, आणि मस्तानीच्या प्रकरणानें घरांत उडालेली खळबळ समकालीन पत्रांतूनच दिसते. १७४० च्या आरंभीं मस्तानी पुण्यांत अटकेंत, बाजीराव मोहिमेवर, आणि त्याच वर्षीं २८ एप्रिलला रावेरखेडी येथें त्याचा मृत्यु, पाठोपाठ मस्तानीचाही. कोणत्याही कादंबरीकारास याहून अधिक काय पाहिजे?

इनामदारांनीं हें ओळखिलें. त्यांच्या कादंबरींतला विरोध कल्पिलेला नसून कागदांतला आहे: एका बाजूस पराक्रमी पुरुषाची आसक्ति, दुसऱ्या बाजूस कुटुंब, जात आणि ब्रह्मवृंद. म्हणून आमच्या मतें इतिहासाच्या दृष्टीनें ‘राऊ’ ही ‘स्वामी’पेक्षां सकस कृति आहे, जरी वाचकप्रियता ‘स्वामी’च्या वांट्यास अधिक आली. तिचा दोष अतिभाषणाचा. जें चिमाजीअप्पाच्या अडखळत्या ओळींत अधिक बोचतें, तें पात्रांच्या लांब भाषणांत पातळ होतें.

याच कादंबरीच्या आधारें म्हणून २०१५ सालीं निघालेल्या हिंदी चित्रपटानें काशीबाई व मस्तानी यांस एकत्र नाचविलें. तेव्हां मोठा गहजब झाला. परंतु त्या गहजबांत मस्तानीचा पुत्र समशेरबहाद्दर पानिपतच्या संग्रामांत पडला, आणि पुढें त्याच्या वंशाकडे बांद्याची नबाबी आली, ही गोष्ट फारच थोड्यांच्या तोंडीं आली. एका नाचानें ज्यांस राग आला, त्यांस तीन पिढ्यांच्या या वास्तवाचें कुतूहल वाटूं नये, याचें आम्हांस अधिक वाईट वाटलें.

(५)

प्रणयकथेनें खऱ्या अर्थानें अपकार केला तो छत्रपति संभाजीमहाराजांवर. बाळाजी आवजी चिटणिसांस महाराजांनीं १६८१ सालीं देहांत शिक्षा दिली. त्यांच्याच वंशांतील मल्हार रामराव चिटणिसांनीं सुमारें सव्वाशें वर्षांनीं बखर लिहिली, आणि त्या बखरीच्या रंगावर पुढें नाटककार, कथालेखक व चित्रपटकार यांनीं आपले रंग चढविले. गोदावरी झाली, तुळसा झाली, थोरातांची कमळा झाली. प्रत्येक नव्या नायिकेबरोबर महाराज अधिक विलासी होत गेले. या प्रेमकथा कालानुक्रमाच्या व अस्सल कागदांच्या कसोटीस लावून त्या निराधार ठरविण्याचें काम वा. सी. बेंद्रे यांनीं केलें. त्यांचा चरित्रग्रंथ १९६० सालीं प्रसिद्ध झाला. शिवाजी सावंत यांची ‘छावा’ (१९७९) त्यानंतरची आहे, आणि तींतील संभाजी पूर्वींच्या नाटकांतला संभाजी नाहीं. संशोधकाच्या शुष्क तिथिवारांनीं कादंबरीचा नायक बदलतो, याचा हा बोलका दाखला आहे. आपल्या कामास वाचक नाहींत म्हणून खंतावणाऱ्या संशोधकानें तो ध्यानांत ठेवावा.

‘छावा’वर आमचा आक्षेप उलट दिशेचा आहे. पूर्वींच्या लेखकांनीं काळें केलें, तितकेंच सावंतांनीं उजळ केलें. वर्णनांचा फुलोरा इतका, कीं मनुष्य त्याआड दिसेनासा होतो. आणि ज्या दांपत्याविषयीं खरोखर लिहावयाचें, त्याची खूण कागदांतच आहे. येसूबाईंच्या शिक्क्यांत ‘श्री सखी राज्ञी जयति’ अशीं अक्षरें आहेत. राणीच्या अधिकाराची मुद्रा, आणि तींत ‘राज्ञी’च्याही आधीं ‘सखी’! त्याच येसूबाई पतीच्या वधानंतर १६८९ सालीं मोंगलांच्या कैदेंत पडल्या व १७१९ सालीं सुटून परत आल्या. गोदावरी, तुळसा व कमळा यांच्या सर्व कथा एका पारड्यांत घातल्या, तरी या चार शब्दांचें व तीस वर्षांचें पारडें खालींच राहील.

(६)

येथें वाड्यांतल्या त्या यजमानांच्या प्रश्नाकडे परत येतों. कादंबरीकारांनीं अंतःपुरांत कल्पना कां चालविली? कारण आम्हीं त्यांस तेथले कागद दिले नाहींत. गेल्या सव्वाशें वर्षांत साधनांच्या प्रकाशनाचें प्रचंड काम झालें. परंतु निवडीचा कल राजकारणाकडे राहिला. तह, मोहिमा, वकिलांचीं पत्रें, वतनांचे निवाडे हीं आधीं छापलीं. खासगीचे जमाखर्च, जामदारखान्याच्या याद्या, व्रतवैकल्यांचे खर्च आणि बायकांच्या यात्रांचे हिशेब ‘किरकोळ’ म्हणून मागें राहिले. संग्राहकांनींही तेंच केलें. शिक्का पाहून कागद घेतला. शिक्का नसलेला कागद दारच्या दारीं परत केला. मग रमाबाईंचें मन कोणत्या कागदावरून काढावयाचें? रिकाम्या जागेंत देसाईंनीं आपल्या काळचें मन ठेविलें, तर सगळा दोष त्यांचा कसा?

म्हणून आमचें मत असें आहे, कीं ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्या संशोधकानें अवश्य वाचाव्या, आणि चुका मोजण्यासाठींच वाचूं नयेत. त्यांतून लोकांस इतिहासापासून काय विचारावयाचें आहे तें कळतें. लोकांनीं विचारिलें, ‘हीं माणसें घरीं कशीं वागत होतीं?’ प्रश्न योग्य होता. कादंबरीकारांनीं कल्पनेनें उत्तर दिलें; आम्हीं मात्र लढायांच्या तारखा सांगितल्या.

त्या दिवशीं यजमानांस आम्हीं सांगितलें, कीं पत्र निघालें असतें तर एका दिवसाचें मन कळलें असतें. या याद्यांवरून एका घराचीं चाळीस वर्षें कळतील. औषधाच्या खर्चाचा तो बंद पुन्हा पाहिला. बाळंतिणीचें नांव कोठेंही नव्हतें. परंतु खर्चाची नोंद ओळीनें तीन महिने चालली होती, आणि वैद्य दुसऱ्या गांवाहून दोनदां आणविला होता. कोणीतरी कोणासाठीं एवढें केलें होतें. यजमानांनीं तो रुमाल पुन्हा बांधिला आणि कपाटांत ठेविला. आपापल्या संग्रहांतले असे रुमाल सभासदांनीं सोडून पाहावे, एवढीच विनंति आहे.