अमिग्डाला म्हणजे भीतीचं बटण?

‘घाबरलात किंवा चिडलात की समजा, तुमचा अमिग्डाला हायजॅक झाला!’ व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांत हे वाक्य हमखास येतं. हा शब्दप्रयोग डॅनियल गोलमन यांच्या १९९५ च्या ‘इमोशनल इंटेलिजन्स’ या पुस्तकामुळे घराघरात पोचला. रागाच्या भरात दोन क्षण थांबा, हा सल्ला चांगलाच आहे. माझा आक्षेप आहे तो मेंदूत भीतीचं एक बटण असतं, या चित्रावर.

आधी ओळख करून घेऊ. अमिग्डाला म्हणजे कानशिलाच्या आत खोलवर, दोन्ही बाजूंना एकेक असलेला पेशींचा पुंजका. आकार बदामासारखा, आणि ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थही बदामच.

बटणाची कल्पना हवेतून आलेली नाही. जोसेफ लेडू यांच्यासारख्या संशोधकांनी उंदरांना एक आवाज ऐकवून लगेच सौम्य शॉक दिला. काही वेळा असं झालं की नुसत्या आवाजानेही उंदीर जागच्या जागी थिजतो. अमिग्डालाला इजा केली तर हे शिकणं बिघडतं. पुढे ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखली जाणारी एक अमेरिकन स्त्री प्रसिद्ध झाली. उर्बाख-विथे या दुर्मीळ आनुवंशिक आजारामुळे तिचे दोन्ही अमिग्डाला निकामी झाले होते. १९९४ च्या अभ्यासात तिला चेहऱ्यावरची भीती नीट ओळखता आली नाही. २०११ च्या अभ्यासात साप, कोळी, भुताचं घर, कशालाच ती घाबरली नाही. झालं, निष्कर्ष तयार: अमिग्डाला नाही, तर भीती नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही. २००५ मध्ये राल्फ अ‍ॅडॉल्फ्स आणि सहकाऱ्यांनी एस. एम. चेहऱ्यावर नेमकं कुठे बघते हे तपासलं. ती डोळ्यांकडे बघतच नव्हती! आणि भीती तर मुख्यतः विस्फारलेल्या डोळ्यांतच दिसते. ‘डोळ्यांकडे बघा’ असं सांगितल्यावर तिला भीती इतरांसारखीच ओळखता आली. सूचना बंद झाली की पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणजे अडचण भीती समजण्यात नव्हती, महत्त्वाची माहिती कुठे आहे तिकडे आपणहून नजर वळण्यात होती.

२०१३ चा प्रयोग तर बटणाचं चित्र पार उलटवतो. एस. एम. आणि तोच आजार असलेल्या आणखी दोघींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा श्वासातून दिली. तिघींनाही पॅनिक अटॅक आला. अमिग्डाला शाबूत असलेल्या १२ जणांपैकी तो फक्त तिघांना आला. बटणच नाही, तर दिवा लागला कसा?

शिवाय २००६ मध्ये माकडांच्या अमिग्डालात अशा पेशी सापडल्या, की त्यातल्या काही त्रासाची चाहूल देणाऱ्या चित्राला प्रतिसाद देतात, तर काही बक्षिसाची चाहूल देणाऱ्या चित्राला.

चूक तर्कात आहे. घरातला फ्यूज काढला की पंखा बंद पडतो, म्हणून वारा फ्यूजमधून येतो असं आपण म्हणत नाही. एखादा भाग गेल्यावर काय बिघडलं, यावरून तो भाग काय ‘करतो’ हे थेट ठरत नाही. ब्रेन स्कॅनमध्ये उलटी चूक होते: अमिग्डाला सक्रिय दिसला, म्हणजे माणूस घाबरलेला. ताप उतरताना घाम येतो हे खरं, पण घामाघूम झालेल्या प्रत्येकाला ताप होता का?

खुद्द लेडूंनीच २०१४ मध्ये लिहिलं, की उंदरांच्या प्रयोगांत दिसते ती धोक्याला दिलेली बचावाची प्रतिक्रिया. तिला भीतीची जाणीव समजणं गैर आहे.

मग अमिग्डाला करतो काय? माझ्या मते सगळ्यात बरं वर्णन असं: समोर आलेल्या गोष्टींत आपल्या दृष्टीने महत्त्वाचं काय, हे टिपायला आणि त्यातून शिकायला तो मदत करतो. धोका हा त्यातला एक भाग.

हा नुसता शब्दांचा कीस नाही. ज्याला छातीत धडधड होऊन पॅनिक अटॅक येतात, त्याला ‘अमिग्डालावर ताबा ठेव’ असं सांगताना आपण त्याचा त्रास एका बदामात कोंबतो. श्वास आणि शरीराच्या आतून येणारे इशारे वेगळ्या वाटेने मेंदूत धडकू शकतात, हे त्या तिघींनी दाखवून दिलंय. पुढच्या वेळी ‘मेंदूतलं अमुकचं केंद्र’ असं वाचलंत, तर एवढंच विचारा: तो भाग नसतानाही ते अमुक कधी घडतं का?