तंबोरा कुठे गेला?

आजीने हेडफोन काढून मांडीवर ठेवला आणि विचारलं, "सगळं छान ऐकू येतंय रे, पण यातला तंबोरा कुठे गेला?"

रेकॉर्ड हिराबाई बडोदेकरांची होती, भैरवीची. दहा इंची, लाखेची, आजोबांच्या पत्र्याच्या पेटीतली. पेटीत अशा एकतीस रेकॉर्ड आहेत. आजोबा गेले, चावीच्या फोनोची स्प्रिंग त्याआधीच तुटलेली होती, त्यामुळे त्या कित्येक वर्षं कुणी वाजवल्या नव्हत्या. मी ७८ फेऱ्यांवर चालणारं टर्नटेबल मिळवलं, लाखेच्या रुंद खाचेत नीट बसेल अशी जाड सुई बसवली (एलपीची सुई या खाचेच्या तळाशी नुसती घासत जाते), सगळ्या रेकॉर्ड संगणकावर उतरवल्या, खरखर घालवणाऱ्या सॉफ्टवेअरमधून गाळल्या आणि आजीच्या फोनवर टाकल्या. नोकरीत जे करतो तेच: आत येणारा माल अस्वच्छ, बाहेर जाणारा स्वच्छ.

आजीच्या प्रश्नानंतर मी न गाळलेली फाइल लावली. तंबोरा तिथे होता. खरखरीच्या मागे, बारीक, पण होता. तो मीच पुसला होता.

हे कसं झालं ते समजायला वेळ लागला नाही. मी वापरलेल्या पद्धतीचं गृहीतक साधं आहे: जो आवाज न बदलता सतत चालू राहतो तो गोंगाट, जो बदलतो तो कामाचा. ऑफिसच्या मीटिंगमध्ये हे चोख चालतं. पंखा जातो, एसी जातो, माणूस ऐकू येतो. पण आपल्या संगीतात जो आवाज न बदलता सतत चालू राहतो, त्याच्याच आधारावर बाकी सगळं उभं असतं. शिवाय 'स' आणि 'श' ही अक्षरं लाखेच्या सळसळीच्या फार जवळची. तीही अर्धवट खरवडली गेली होती. हिराबाई थोड्या बोबड्या झाल्या होत्या आणि मी त्याला स्वच्छता म्हणत होतो.

चूक सॉफ्टवेअरची नव्हती. मला वाटत होतं की या काळ्या तबकडीत कुठेतरी 'खरी' हिराबाई बसलेली आहे, वरची धूळ झटकली की ती समोर येईल. ही समजूत माझ्या एकट्याची नाही. आपल्या संगीतसमीक्षेनेही रेकॉर्डकडे बहुतेक वेळा असंच पाहिलं आहे. तिच्यासाठी खरी ती मैफल, आणि रेकॉर्ड म्हणजे त्या मैफलीचा तुटका, मळलेला तुकडा: शितावरून भाताची परीक्षा.

यामागचं कारण समजण्यासारखं आहे. अल्लादियाखाँसाहेबांचा आवाज बाजारात आलेल्या एकाही रेकॉर्डवर नाही. भास्करबुवा बखल्यांचाही नाही. त्यांचं गाणं आपल्याला कळतं ते गोविंदराव टेंब्यांसारख्या, ते समोर बसून ऐकलेल्या माणसांच्या लिखाणातून. 'माझा संगीत व्यासंग' किंवा वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' वाचताना जाणवतं की लिहिणाऱ्याच्या कानात रात्रभराच्या बैठका साठलेल्या आहेत. त्या कानांना तीन मिनिटांची रेकॉर्ड तोकडी वाटली तर नवल नाही.

माझ्या कानात तसं काही नाही. मी एकोणतिशीचा आहे. ज्या गायकांविषयी मला लिहावंसं वाटतं, त्यांतलं कुणीही मी समोर बसून ऐकलेलं नाही आणि ऐकणार नाही. माझ्यासाठी रेकॉर्ड ही मैफलीची आठवण नाही, कारण मैफलच नव्हती. मग मी गप्प बसावं, की रेकॉर्डपासूनच सुरुवात करता येईल अशी समीक्षा शोधावी? मला दुसरा पर्याय शक्य वाटतो. त्यासाठी आधी रेकॉर्डला शीत म्हणणं थांबवायला हवं.

आधी हिशेब पाहू. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला साधारण तीन, फार तर साडेतीन मिनिटं मिळतात. बारा इंचीला चारच्या थोडं वर. विलंबित एकतालाचं आवर्तन पाऊण मिनिटाचं धरलं तर एका बाजूवर चार आवर्तनं बसतात. चार वेळा समेवर आलं की संपलं. एवढ्यात बढत होऊच शकत नाही. तोच त्रिताल मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत घेतला तर आवर्तन सहा सेकंदांचं होतं आणि तीस आवर्तनं मिळतात. तीस आवर्तनांत पुष्कळ काही करता येतं. म्हणजे लय ठरवतानाच गायकाला गाण्याची पूर्ण आखणी करावी लागे. चीज कोणती, अंतरा कुठे, तान किती आणि शेवटी मुखड्यावर कसं यायचं, हे सगळं आधी ठरलेलं. एकदा मेणावर खाच पडली की कापाकापी नाही, जोडाजोडी नाही. चुकलं तर नव्या मेणावर पुन्हा पहिल्यापासून.

ग्रामोफोन कंपनीने फ्रेड गैसबर्गला १९०२मध्ये कलकत्त्याला पाठवलं, तेव्हा गौहर जान कर्ण्यासमोर उभ्या राहून गायल्या आणि गाणं संपताच इंग्रजीत स्वतःचं नाव सांगून मोकळ्या झाल्या. ते नाव श्रोत्यांसाठी नव्हतं. मुद्रणं जर्मनीत हॅनोव्हरच्या कारखान्यात जात आणि तिथल्या कारागिरांना कोणती तबकडी कुणाची हे कळायला हवं होतं. मला या घोषणेचं फार कौतुक वाटतं. राग, अस्ताई, अंतरा, ताना, आणि उरलेल्या दोन-तीन सेकंदांत कारखान्यासाठी निरोप. आपल्याला किती वेळ आहे हे त्या बाईंना पक्कं माहीत होतं.

बालगंधर्व रंगभूमीवर एकेक पद वन्समोअर घेत रंगवत. रेकॉर्डवर तेच पद तीन मिनिटांत उभं राहतं. यातलं दुसरं हे पहिल्याचा संक्षेप आहे, असं आपण सहज म्हणतो. पण लघुकथेला आपण कादंबरीचा संक्षेप म्हणत नाही. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या १९३०च्या दशकातल्या रेकॉर्ड ऐकताना घाई अशी कुठे जाणवत नाही. ते पहिल्या काही सेकंदांतच तुम्हाला सुरात घेतात आणि मग जणू वेळच वेळ आहे असे गातात. मोजली तर मिनिटं तीनच. ही मैफलीतून उचललेली फीत नव्हे. यंत्रासमोर उभं राहून, यंत्राची अट मान्य करून केलेली ती स्वतंत्र रचना आहे. भीमसेन जोशी लहानपणी गदगमध्ये खाँसाहेबांची रेकॉर्ड ऐकून गुरूच्या शोधात घराबाहेर पडले, ही गोष्ट ते स्वतः सांगत असत. त्या मुलाने मैफल ऐकली नव्हती. त्याला तीन मिनिटं पुरली.

केसरबाई केरकरांना ध्वनिमुद्रणाचा फारसा लोभ नव्हता. अल्लादियाखाँसाहेबांच्या या शिष्येचं खरं गाणं मैफलीतलं, असं ऐकलेले सगळेच सांगतात. आणि तरी १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत भारताच्या वाट्याला आली ती त्यांचीच साडेतीन मिनिटांची भैरवी. मुळात ७८ फेऱ्यांच्या रेकॉर्डवरची. यानं उडाल्यावर काही दिवसांतच त्या गेल्या. गुरूच्या आवाजाची बाजारात एकही तबकडी नाही, शिष्येची सूर्यमालेच्या बाहेर निघालेली. कोणाचं गाणं मोठं, हे यातून ठरत नाही. पण रेकॉर्डला दुय्यम म्हणणाऱ्याने या साडेतीन मिनिटांचं काय करायचं ते सांगायला हवं.

इथपर्यंत मी स्वतःवर खूश होतो. मग दुसरी चूक सापडली.

पुण्याच्या जुन्या बाजारात मी रविवारी सकाळी जातो. तिथे मोडके पंखे, कुलपं आणि पितळी नळ यांच्या मधोमध रेकॉर्डचा ढीग असतो. घ्यायच्या आधी तबकडी उन्हात तिरपी धरून केसाएवढी चीर आहे का ते पाहायचं, मग बोटावर तोलून नखाने हलकेच वाजवायची. अखंड असेल तर टण् असा आवाज येतो, तडा असेल तर आवाज मेलेला असतो. लाख हा ठिसूळ माल. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर राहणाऱ्या किड्याने तयार केलेली, मोहरेसाठी आणि बांगड्यांसाठी वापरतात तीच लाख. तिच्यात दगडाची भुकटी आणि काजळी घालून या तबकड्या दाबल्या जात. हातातून सुटली की संपली.

अशाच एका रविवारी १९१०च्या आसपासची एक रेकॉर्ड मिळाली. गायकाचं नाव लिहीत नाही, कारण चूक त्यांची नाही. ती मी ७८वर वाजवली, संगणकावर स्वर मोजला आणि मित्रांना मोठ्या रुबाबात टिपण पाठवलं: हे गायक काळी दोनमध्ये गात, आवाज टोकदार आणि किंचित अधीर, घराण्याच्या स्वभावात बसणारा वगैरे वगैरे. पुढे दोन वर्षं मी तेच धरून बसलो होतो.

एकदा शेवटपर्यंत ऐकत बसलो असताना गायकाने गाण्यानंतर आपलं नाव सांगितलं आणि मी चपापलो. गाताना टोकदार वाटणारा आवाज बोलताना चक्क पोरसवदा आणि लगबगीचा वाटत होता. त्या काळात ७८ हा आकडा पक्का झालेला नव्हता. कुणी ७४वर मुद्रण करी, कुणी ८०वर. मी गती उतरवत गेलो. ७४च्या आसपास बोलणारा माणूस पोक्त झाला. ७८ आणि ७४मध्ये जवळपास एका अर्धस्वराचा फरक पडतो. म्हणजे पट्टी काळी दोन नव्हे, पांढरी दोनच्या आसपासची. टोक माझ्या टर्नटेबलचं होतं. अधीरपणाही माझाच. व्हॉयेजरच्या तबकडीच्या कव्हरवर ती किती वेगाने फिरवायची याची खूण कोरलेली आहे, परग्रहावरच्या श्रोत्याची गैरसोय नको म्हणून. आपल्याच आजोबांच्या पिढीच्या रेकॉर्डवर ती सोय नाही. हॅनोव्हरच्या कारागिरांसाठी पडलेली घोषणेची पद्धतच इतक्या वर्षांनी मला शुद्धीवर आणायला कामी आली.

म्हणून रेकॉर्डपासून सुरुवात करणाऱ्या समीक्षेला मी दोन अटी घालतो. एक, रेकॉर्डला जे माहीत आहे तेवढंच तिला विचारावं. चीज कशी निवडली, वेळ कसा वाटून घेतला, मुखडा किती वेळा आणि कसा बदलून आला, शेवट कसा साधला, हे ती सांगते. गायकाचा स्वभाव, मैफलीतला दम, आवाजाचा खरा पोत यांविषयी तिची साक्ष कच्ची आहे. दोन, समीक्षकाने आपली यंत्रणा सांगावी: कोणत्या गतीला ऐकलं, गाळलेलं ऐकलं की न गाळलेलं. ग्रंथाची आवृत्ती सांगतो तसंच.

याचा अर्थ खरखरीचे गोडवे गावेत असा नाही. जुन्या रेकॉर्डच्या 'उबेविषयी' बोलणारी मंडळी मला भेटतात आणि त्यांचं मला पटत नाही. रेकॉर्ड नवी होती तेव्हा इतकी खरखरत नव्हती. पोलादी पीन खाचेत बसावी म्हणून मालातली भुकटी तिला घासून आकार देई, आणि पीन बदलायचा आळस केला की ती खाचेलाच घासत राही. आज ऐकू येणारी खरखर बरीचशी अशा आळसाची आहे, गायकाची नव्हे. ती कमी करणं गैर नाही. फक्त काय काढलं ते ऐकून पाहावं. हल्ली मी गाळून उरलेला भाग, म्हणजे सॉफ्टवेअरने 'गोंगाट' म्हणून बाजूला टाकलेला आवाज, वेगळा वाजवून तपासतो. त्यात कुठे सूर सापडला तर पुन्हा पहिल्यापासून.

आणि या सगळ्यात मजा कुठे आहे? दर तीन मिनिटांनी उठण्यात आहे. प्लेलिस्ट लावून मी स्वयंपाक करतो, कोड लिहितो. रेकॉर्ड लावून दुसरं काही करता येत नाही. बाजू पालटायची, धूळ टिपायची, सुई ठेवायची. आणि प्रत्येक वेळी ती किंचित झिजते हे माहीत असतं, त्यामुळे कान आपोआप टवकारतात.

आजीला आता मी भैरवीची न गाळलेली फाइल दिली आहे. तिच्यात मध्यावर एक ओरखडा आहे. दर फेरीला खट् होतं, म्हणजे पाऊण सेकंदाच्या जरा वर एकदा, आणि ते तबल्याच्या लयीशी कुठेच जुळत नाही. मला ते फार टोचतं. पहिल्यांदा ऐकताना आजीने खट् सुरू व्हायच्या क्षणभर आधी बोट वर केलं.

"तुझ्या आजोबांच्या हातून पीन निसटली होती," ती म्हणाली. "मी दोन दिवस बोलले नव्हते."

मग तंबोरा ऐकायला तिने डोळे मिटले.