'फड' आणि 'शौकीन' : दोन शब्दांतील प्रेक्षक

खेळाच्या सार्वजनिक ठिकाणी स्त्रियांना होणारा मज्जाव दोन प्रकारचा असतो : एक हुकुमाचा, दुसरा रूढीचा. प्राचीन ऑलिंपिया येथे क्रीडोत्सव पाहावयास येणाऱ्या विवाहित स्त्रीस कडेलोटाची शिक्षा होती, असे पॉसेनियस नमूद करतो. इराणात १९७९ च्या क्रांतीनंतर फुटबॉलच्या मैदानाची दारे स्त्रियांना बंद झाली. १० ऑक्टोबर २०१९ रोजी तेहरानच्या आझादी मैदानावर इराण-कंबोडिया सामन्यास, राखीव भागात का होईना, त्यांना तिकीट काढून बसता आले. हुकूम कोणी दिला हे ठाऊक असते. म्हणून तो मागे घ्या असे कोणास तरी सांगता येते. महाराष्ट्रातील कुस्तीच्या मैदानावर असा हुकूम नव्हता. तरीही भोवतालची गर्दी पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांचीच राहिली.

याचे रूढ स्पष्टीकरण धार्मिक आहे. नागपूरकडील आखाडा काय किंवा कोल्हापूरकडील तालीम काय, दोहोंचे दैवत मारुती. मल्लाने ब्रह्मचर्य पाळावयाचे. म्हणून तेथे स्त्रीचे पाऊल नको. हे स्पष्टीकरण सरावाच्या जागेपुरते लागू पडेल. परंतु जत्रेतील मैदान म्हणजे तालीम नव्हे. त्या उघड्या मैदानाला ते कसे लावावयाचे?

येथे 'फड' हा शब्द उपयोगी पडतो. मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात फड म्हणजे सार्वजनिक व्यवहाराचे, लोकांनी जमण्याचे ठिकाण. न्यायसभेपासून नाचगाण्याच्या जागेपर्यंत त्याची व्याप्ती आहे. मराठीत कुस्त्यांचाही फड असतो आणि तमाशाचाही. तमाशाच्या फडात स्त्री नाचते, गाते. मात्र समोर बसणारा समाज परंपरेने पुरुषांचाच. कुस्तीच्या फडात स्त्री हौद्यातही नाही आणि भोवतीही नाही. एका फडात ब्रह्मचर्य, दुसऱ्यात शृंगार. तरी दोन्हींचा प्रेक्षक एकच. तेव्हा ब्रह्मचर्य हे मज्जावाचे पुरेसे कारण ठरत नाही. 'लोक जमण्याचे ठिकाण' या अर्थातील 'लोक' म्हणजे पुरुष, हे गृहीतच दोन्ही फडांना समान आहे.

'शौकीन' या शब्दाने याला दुजोरा मिळतो. मैदानाची जाहिरात 'कुस्तीशौकिनांना' आवाहन करते. पुरुषाविषयी 'शौकीन' हा शब्द रसिकतेचा निदर्शक आहे. 'शौकीन बाई' म्हटले की तिच्या चारित्र्याविषयी शंका सूचित होते. ज्या शब्दाने प्रेक्षकाला बोलावले जाते तोच स्त्रीला बदनाम करीत असेल, तर दारावर पहारेकरी ठेवण्याची गरज उरत नाही.

या गृहीताची कसोटी हमीदा बानू या मल्ल स्त्रीच्या उदाहरणात लागली. १९५४ साली बडोद्यात तिने बाबा पहलवान यास १ मिनिट ३४ सेकंदांत हरविले. परंतु महाराष्ट्रात रामचंद्र साळुंके यांच्याशी ठरलेली तिची लढत स्थानिक कुस्तीसंघाच्या विरोधामुळे रद्द झाली. तिने मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे तक्रार केली. बंदी स्त्री म्हणून नसून आयोजकांविरुद्धच्या तक्रारींमुळे आहे, असे उत्तर तिला मिळाले. म्हणजे प्रत्यक्ष हुकूम निघाला तेव्हाही कारण म्हणून स्त्रीत्वाचा उच्चार झाला नाही. रूढीचे बळ नेमके या अनुच्चारात आहे.

पुरुषांची 'महाराष्ट्र केसरी' स्पर्धा १९६१ पासूनची. स्त्रियांची पहिली स्पर्धा मार्च २०२३ मध्ये सांगलीस झाली आणि प्रतीक्षा बागडी विजयी ठरली. तिच्या किताबाला 'महिला' हे विशेषण लागते. पुरुषाच्या किताबाला 'पुरुष' हे लागत नाही. हौद्यात उतरण्याची वाट स्त्रीला खुली झाली असली, तरी विशेषणाशिवायचे नाम अजून पुरुषाचेच आहे. भोवतीच्या गर्दीसंबंधी हाच प्रश्न विचारला पाहिजे. तेथे स्त्री केवळ बसू लागली एवढ्याने रूढी संपली असे म्हणता येणार नाही. 'कुस्तीशौकीन' या हाकेत आपणही अभिप्रेत आहोत असे तिला निःशंकपणे वाटेल, तेव्हाच फड खऱ्या अर्थाने लोकांचा होईल.