बोलका रंग आणि मुका रंग : घरी रंगविलेल्या गेम-कंट्रोलरचा विचार

उपयोजित कलेची समीक्षा आपल्याकडे मंदिराच्या शिल्पापाशी, पैठणीच्या पदरापाशी, फार तर कुंभाराच्या भांड्यापाशी येऊन थांबते. कारखान्यात लाखोंच्या संख्येने निघालेली वस्तू घरी आणावी, तिचे कवच उघडावे आणि तिला स्वतःच्या हाताने रंग द्यावा, अशी जी एक कला अलीकडच्या काळात अनेक देशांत रूढ झाली आहे, तिची गणना अद्याप छंदांतच होते. आणि छंदाला कसोटी लावावयाची नसते असा एक अलिखित संकेत आहे. व्हिडिओ गेमचा कन्सोल आणि त्याचा कंट्रोलर, म्हणजे आपल्याकडील मुले ज्याला सरसकट ‘रिमोट’ म्हणतात ते हाती धरावयाचे साधन, यांचे घरगुती रंगकाम हे या कलेचे ठळक उदाहरण होय. अशा रंगकामाविषयी ‘छान’ किंवा ‘बरे नाही’ याहून नेमका निर्णय देता येतो काय, आणि येत असल्यास तो कशाच्या आधारे, एवढाच प्रश्न येथे विचारार्थ घेतला आहे.

प्रथम माध्यमाचा विचार करू. कारण माध्यम न जाणता दिलेला निर्णय हा केवळ आवडीनिवडीचा उद्गार ठरतो. कंट्रोलरचे कवच बहुधा एबीएस जातीच्या प्लॅस्टिकचे असते. त्यावर रंग सहजासहजी ठरत नाही. म्हणून स्क्रू काढून कवच आतील विद्युत्-भागांपासून वेगळे करावे लागते. हाताचा तेलकटपणा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा लागतो. बारीक पॉलिशपेपरने पृष्ठभागाची चकाकी मोडावी लागते. मग प्लॅस्टिकला धरून राहणाऱ्या प्रायमरचा एक हात, तो वाळल्यावर रंगाचे तीन-चार पातळ हात आणि अखेरीस पारदर्शक लॅकरचे आवरण, असा क्रम असतो. रंग स्पर्शाला कोरडा लागला तरी आतून पक्का होण्यास कित्येक दिवस जावे लागतात. तेवढा धीर नसेल तर बोटांचे ठसे रंगात कायमचे उमटतात. भिंतीला एक हात अधिक दिल्याने खोली लहान होत नाही. बटणाच्या कडेला एक हात अधिक बसला तर ते दाबल्यावर वर येईनासे होते. या माध्यमात रंग दिसतो तसा जागाही व्यापतो, हे रंगविणाऱ्याने आणि समीक्षकानेही प्रथम ध्यानात घ्यावयास हवे.

आता मुख्य मुद्द्याकडे वळू. कंट्रोलरवरील सर्व रंग एका जातीचे नसतात. १९९० साली जपानात आलेल्या निंटेंडोच्या सुपर फॅमिकॉमवर उजव्या अंगठ्याखाली चार बटणे होती : ‘ए’ लाल, ‘बी’ पिवळे, ‘एक्स’ निळे, ‘वाय’ हिरवे. २००१ साली मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर हीच चार अक्षरे आणि हेच चार रंग आले. परंतु तेथे ‘ए’ हिरवे, ‘बी’ लाल आणि ‘वाय’ पिवळे झाले. जागाही पालटल्या : निंटेंडोचे ‘ए’ उजव्या अंगाला, एक्सबॉक्सचे खालच्या. हिरव्या रंगात ‘ए’पण असे काही अंगभूत नाही. तो लाल नाही, निळा नाही, पिवळा नाही, एवढ्यावरच त्याचे मूल्य उभे आहे. सोस्यूरच्या व्याख्यानांतून १९१६ साली ग्रंथरूपाने पुढे आलेला चिन्हाच्या यादृच्छिकतेचा सिद्धान्त वर्गात समजावून सांगण्यास याहून सोपे उदाहरण क्वचितच मिळेल.

सोनीच्या प्लेस्टेशनने १९९४ साली अक्षरे सोडून आकृत्या घेतल्या : त्रिकोण, वर्तुळ, फुली आणि चौकोन. जपानात वर्तुळ ही होकाराची आणि फुली ही नकाराची खूण असल्यामुळे तेथे वर्तुळाने संमती आणि फुलीने माघार असा अर्थ ठरला. पाश्चात्त्य देशांत मात्र फुलीनेच संमती देण्याचा प्रघात पडला, आणि २०२० च्या प्लेस्टेशन ५ पासून जपानातही तोच लागू करण्यात आला. एका चिन्हाचे दोन प्रदेशांत दोन अर्थ असावेत आणि अखेर त्यांतील एकास प्रमाणत्व मिळावे, ही घटना भाषेच्या अभ्यासकास अपरिचित नाही.

अशा बटणाची ओळख एकाहून अधिक मार्गांनी पटते : अक्षराने किंवा आकृतीने, रंगाने आणि स्थानाने. ही पुनरुक्ती निरर्थक नसते. ‘त्या दोन मुली आल्या’ या वाक्यात अनेकत्व सर्वनामाने सांगितले, संख्येने सांगितले, नामाने सांगितले आणि क्रियापदानेही सांगितले. एखादा शब्द गोंगाटात बुडाला तरी अर्थ पोचतो, तो या पुनरुक्तीमुळेच. घरी रंगकाम करणारा हौशी कलावंत जेव्हा चारही बटणे एकसारखी काळी करतो, तेव्हा तो रंग पुसतो, अक्षर झाकतो आणि केवळ स्थान शिल्लक ठेवतो. त्यातच खेळाचा पडदा आपली जुनी भाषा बोलतच राहतो. पडद्यावर हिरवा ‘ए’ उमटतो आणि हातात हिरवेही काही नसते, ‘ए’ही नसतो. संवादातील एकाच पक्षाने लिपी बदलली, असा हा प्रकार होय.

यावर एक आक्षेप संभवतो. सरावलेला खेळाडू हाताकडे पाहतच नाही. त्याच्या अंगठ्याला स्थान पाठ असते. मग रंग कोणासाठी राखावयाचा? आक्षेपात तथ्य आहे, आणि स्वतः निर्मात्यांनीही चिन्हांची काटछाट केलेली आहे. तथापि त्यांनी ती कशी केली हे पाहण्याजोगे आहे. १९९१ साली सुपर फॅमिकॉमचा अमेरिकी अवतार आला तेव्हा चार रंगांच्या जागी जांभळ्याच्या दोनच छटा उरल्या. परंतु त्यांतील ‘एक्स’ आणि ‘वाय’ ही बटणे खोलगट आणि ‘ए’ व ‘बी’ फुगीर करण्यात आली. डोळ्याकडून काढून घेतलेले बोटाला दिले गेले. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरवर आकृत्यांचे रंग गेले; आकृत्या राहिल्या. म्हणजे चिन्ह वजा करण्यास मज्जाव नाही. वजाबाकीनंतर काय उरले याचा हिशेब मात्र दिला पाहिजे. शिवाय कंट्रोलर हे पुष्कळदा दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे साधन आहे. धाकट्या भावाला, पाहुण्या मुलाला, प्रथमच खेळावयास बसलेल्या आजोबांना स्थान पाठ नसते. लाल-हिरव्यातील भेद न कळणारे पुरुष संख्येने थोडे नाहीत, आणि त्यांचा भरवसा अक्षरावर असतो; तेही रंगाखाली गेले तर त्यांना काहीच उरत नाही. केवळ मालकालाच वाचता येईल असा कंट्रोलर ही एका माणसाची बोली होय. ती सुंदर असू शकेल. पण दुसऱ्याला खेळात घेण्याचे तिचे सामर्थ्य तेवढ्यापुरते उणावलेले असते.

बटणांचा रंग बोलका, तर कवचाचा रंग बव्हंशी मुका असतो. निर्मातेही हे जाणतात. मायक्रोसॉफ्टने २०१६ साली ग्राहकाच्या पसंतीच्या रंगांत कंट्रोलर करून देण्याची सोय आरंभिली. सोनीने २०२२ साली प्लेस्टेशन ५ ची बदलता येणारी रंगीत आवरणे विक्रीस आणली. या मुक्या भागात हौशी कलावंताला स्वातंत्र्य आहे. परंतु तेही निरपवाद नाही. प्लेस्टेशन ५ च्या कंट्रोलरची खरखरीत मूठ जवळून पाहावी : तो खरखरीतपणा त्याच चार आकृत्यांच्या असंख्य सूक्ष्म उठावांनी बनलेला आहे. पॉलिशपेपर तेथे निष्काळजीपणे फिरला तर पकडही जाते आणि लिपीही जाते.

अकराव्या शतकातील काश्मिरी आचार्य क्षेमेंद्र याने काव्याच्या संदर्भात मांडलेला औचित्याचा विचार येथे उपयोगी पडतो. अलंकार स्वतः कितीही मोलाचा असो, त्याची शोभा योग्य स्थानावर अवलंबून असते. या दृष्टीने काही प्रचलित प्रकार तपासू. १९८३ च्या फॅमिकॉमची लाल-पांढरी रंगसंगती नव्या कंट्रोलरच्या कवचावर आणणे आणि बटणे जशीच्या तशी ठेवणे, हे पूर्वसूरींचे उचित स्मरण होय. जाणत्याला त्यातील संदर्भ कळतो, नवख्याचे काही अडत नाही. सैनिकी गणवेशाचे ठिपकेदार हिरवे-तपकिरी रंगकाम कवचावर आणि बटणांवर सलग केले जाते तेव्हा ते आपल्याच हेतूने पराभूत होते. त्या नक्षीचे कार्य आकाराची कड लपविणे हे आहे, आणि बटणाची कड तर दिसावयास हवी. तिसरा प्रकार कृत्रिम जीर्णतेचा : रंग उडाल्याचा, धातू उघडा पडल्याचा आभास. यात निपुण हात कोणता ते लगेच ओळखता येते. खरी झीज अंगठा आणि तळवा जेथे टेकतात तेथेच होते. ज्याने हात न पोचणाऱ्या जागी ओरखडे रंगविले, त्याने झीज पाहिलेलीच नाही.

आणखी एका बाबतीत कठोर असावे लागते. जुन्या राखाडी कन्सोलांचे प्लॅस्टिक प्रकाशाने आणि हवेने पिवळे पडते; त्यातील ज्वालारोधक ब्रोमीन-संयुगांचा यात भाग असल्याचे मानले जाते. हा पिवळेपणा झाकण्यासाठी पुष्कळजण रंगाचा डबा हाती घेतात. परंतु एकदा घासलेला मूळ पृष्ठभाग परत येत नाही, आणि ती यंत्रे आता निघत नाहीत. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि अतिनील प्रकाश यांनी उजळविण्याची २००८ पासून प्रचारात आलेली रीतही निर्दोष नाही, कारण पिवळेपणा पुन्हा येऊ शकतो. तरी ती मूळ घडण बुजवीत नाही. सुस्थितीतील जुने कवच जपावे आणि रंगकामासाठी फुटके किंवा बदली कवच घ्यावे, हेच श्रेयस्कर.

सारांश, घरी रंगविलेला कंट्रोलर समोर आला असता तीन गोष्टी विचाराव्यात : यातील बोलके रंग कोणते होते आणि ते गेल्यावर त्यांचे काम कोणाकडे सोपविले? मुक्या भागावरील अलंकार त्या जागेस शोभतो काय? आणि वर्षभराच्या वापरानंतर तो कसा दिसेल? या प्रश्नांची उत्तरे चकचकीत छायाचित्रावरून देता येत नाहीत. त्यासाठी तो कंट्रोलर हातात घ्यावा लागतो, आणि शक्य तर ज्याने तो कधी धरलेला नाही अशा कोणाच्या तरी हाती देऊन पाहावा लागतो.