भवितव्याचा ताबा आणि विकासाचे माप

मानव विकास निर्देशांक तीन गोष्टी मोजतो: आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न. महबूब उल हक यांच्या पुढाकाराने १९९० साली तो जगापुढे आला आणि निव्वळ राष्ट्रीय उत्पन्नावरून विकास ठरवण्याची सवय त्याने मोडली. पण जंगलावर जगणाऱ्यांना हे माप पुरते का? महाराष्ट्राच्या २००२ च्या मानव विकास अहवालात मुंबई अव्वल, तर गडचिरोली तळाशी. तिथली कुपोषणाची, दवाखान्याच्या अंतराची दुःखे खरीच आहेत. तरीही तळाच्या या क्रमांकातून तिथला माणूस पुरता कळत नाही.

हीच अडचण उत्तर ध्रुवालगतच्या देशांना आली. तेल आणि खनिजांमुळे प्रदेशाचे उत्पन्न फुगते, पण पैसा बाहेर जातो. शिकार-मासेमारीतून घरात येणारे अन्न मात्र हिशेबात धरलेच जात नाही. म्हणून आर्क्टिक परिषदेच्या २००४ च्या मानव विकास अहवालाने आणखी तीन कसोट्या पुढे ठेवल्या: आपल्या भवितव्यावरचा ताबा, संस्कृतीची अखंडता आणि निसर्गाशी नाते. २०१० च्या ‘आर्क्टिक सोशल इंडिकेटर्स’ने त्यांना मोजपट्टी दिली. किती जमीन स्थानिकांच्या कायदेशीर ताब्यात आहे, सार्वजनिक खर्चापैकी किती पैसा स्थानिक पातळीवर उभा राहतो, मातृभाषा किती जण बोलतात, असे प्रश्न त्यात आले.

ही भर मोलाची आहे. पण मला ती अपुरी वाटते. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. जमिनीच्या कसोटीवर गाव त्याच वर्षी उत्तीर्ण झाले असते. प्रत्यक्षात तिथला बांबू विकण्यासाठी लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती यायला एप्रिल २०११ उजाडला. मधल्या काळात हक्क कागदावर होता, व्यवहारात नव्हता. ही फट आर्क्टिकच्या मोजपट्टीतही दिसत नाही.

मेंढ्याचे बळ सर्वसहमतीने निर्णय घेणाऱ्या ग्रामसभेत आहे. आमच्या सेलूहून वर्ध्याला जाताना वाटेत पवनार लागते. तिथे राहिलेल्या विनोबांच्या ग्रामदानाचा गाभाही हाच होता आणि मेंढ्याने पुढे ग्रामदानही स्वीकारले. राज्याच्या पुढच्या अहवालात म्हणूनच एक साधा रकाना हवा: ग्रामसभेने वर्षभरात किती निर्णय घेतले आणि त्यांतले किती अमलात आले? तो रकाना भरायला गावागावांत जावे लागेल. क्रमांक लावण्याआधी तेवढे कष्ट घ्यायलाच हवेत.